तुझ्या कानात सांगितलेला पिक्चर

दादा,

आपल्या घरात आधी ढोलाचं पान तापायचं आणि मग तवा. भाद्रपदात चामडं ओलसर होऊन सैल पडायचं. अण्णा चुलीपुढं ढोल आडवा धरून बसायचे आणि आई मळलेलं पीठ परातीखाली झाकून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. सुपारी ठरलेली असली की भाकरीला थांबावंच लागायचं. मखमलाबाद नाक्याजवळची ती पत्र्याची एकच खोली, तीत आपण चौघं आणि दोन ढोल. ढोल वर टांगलेले असायचे, कारण खाली जागा नव्हती. मी त्यांच्याखाली बसून पाढे पाठ केले. लग्नसराई संपली की अण्णा मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उचलायचे आणि आई चार घरची धुणी करायची. सततच्या वाजवण्यानं अण्णांचा उजवा कान चाळिशीतच गेला. आई त्यांच्याशी भांडायची तेव्हा मुद्दाम उजव्या बाजूला उभी राहून भांडायची, आठवतं? मनातलं सगळं बोलून घ्यायची आणि अण्णा शांतपणे विडी ओढत बसायचे.

ते गेले तेव्हा मी सातवीत होते आणि तू दहावीत. निकाल लागला त्याच आठवड्यात तू अंबडच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागलास. आई म्हणाली होती, दोघांना शिकवणं मला झेपायचं नाही. तू जेवता जेवता म्हणालास, "मग वैशीला शिकू दे. मला नाय तरी गणित येत नाय." गणित तुला माझ्यापेक्षा चांगलं यायचं. मी ताटात बघत राहिले. मला शिकायचंच होतं.

मी आपल्या घरातली, आपल्या गल्लीतली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते, वर्गातल्या पोरांनाही सांगते. माझ्या दारावरच्या पाटीवर, माझ्या पगारावर, माझ्या इंग्रजीवर मला गर्व आहे आणि तो मी कधी लपवला नाही. लपवलं ते दुसरंच.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. वीस वर्षांपासून मला तुला एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी सांगितली नाही. ती तुला माहीत होती की नव्हती, हे मला पक्कं कळलं ते तू गेल्यावर तेराव्या दिवशी. आता तुझ्याशी बोलायचं तर कागदावर, आणि कागद उत्तर देत नाही. तरी लिहिते. दुसरं काय करू?

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी ढोल पथकात गेले. आपण बाजावाले. सुपारी घेऊन वाजवणारे, असेल तो शर्ट अंगात, पायात चप्पल असली तर असली. पथकातली पोरं-पोरी कॉलेजची, पांढरे झब्बे, भगवे फेटे, दोन महिने गोदाकाठी सराव, सगळं हौसेखातर. ते आपल्याला 'सुपारीवाले' म्हणायचे आणि वस्तीतली पोरं त्यांना 'इस्त्रीवाले'. मी सरावाहून आले की तू दारातच धरायचास.

"काय इस्त्रीवाल्या बाई, किती वाजवलं आज?"

"तुझ्यासारखं तालाबाहेर नाही वाजवलं."

"ताल? अगं, तुम्ही वाजवत नाय, तुम्ही पाढे म्हणता. एक जण चुकला की पन्नास जण घाबरतात."

मला राग यायचा, कारण ते खरं होतं. पण मला त्या पांढऱ्या झब्ब्यात बरं वाटायचं दादा. तिथं कुणी मला विचारत नव्हतं की तू कुणाची. पथकप्रमुख म्हणायचा, किती लवकर हात बसला तुझा, आधी शिकली होतीस का? मी म्हणायचे, नाही, आवड आहे. वडील काय करायचे? मार्केट कमिटीत होते. तेही तसं खोटं नव्हतं.

मग ती विसर्जनाची मिरवणूक. मेन रोडवर आमचं पथक आणि आमच्यामागं एका मंडळाचा गणपती, त्याच्यापुढं आपला बाजा, बाबूमामांचा. आज हे वाचणाऱ्या कुणाला बाबूमामा माहीत नसतील तर सांगते: अण्णांच्या बरोबरीचे, बाज्याचे म्होरके. त्यांनी मान हलवली की वीस ढोल एकदम थांबायचे. आणि त्या बाज्यात पहिला ढोल तुझा. पहिला ढोल म्हणजे बाकीचे ज्याच्याकडं बघून वाजवतात तो.

दुपारपासून भुरभुर लागली होती. चौकात येईपर्यंत माझ्या ढोलाचं पान उतरलं. मारलं की खणखणीत आवाजाऐवजी ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. मला वाटलं, पन्नासात कुणाला कळतंय. तुला कळलं. मागं पन्नास पावलांवर, स्वतःचा ढोल वाजवत असताना तुला कळलं की पुढं एक पान उतरलंय आणि कुणाचं उतरलंय. तू तुझा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात अडकवलास, पथकाभोवती धरलेल्या दोरीखालून आत शिरलास आणि माझ्यापुढं गुडघ्यावर बसून माझ्या ढोलाच्या दोरीला हात घातलास. "थांब, ताणून देतो," एवढंच म्हणालास. तू माझं नावही घेतलं नाहीस. मला आता वाटतं, मुद्दामच घेतलं नाहीस.

आदल्या वर्षी कुणीतरी पथकाचा एक ढोल फाडला होता, त्यामुळं पोरं आधीच टपलेली. एक जण ओरडला, "ए, पान फाडतोय हा!" पुढचं दोन मिनिटांत झालं. ढकलाढकली, माझा ढोल खाली, त्याचं लोखंडी कडं तुझ्या उजव्या हातावर. मागून आपली पोरं धावत आली. फेटे सुटले, कुणाच्या नाकातून रक्त. मग शिट्ट्या. एका हवालदारानं तुला कॉलरला धरून उभं केलं आणि मला विचारलं, "काय गं, तुझ्या ओळखीचा आहे का हा?"

माझ्या एका बाजूला पथकप्रमुख, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या घरी मी चहा प्यायले होते त्या मुली. सगळे माझ्याकडं बघत होते. तू माझ्याकडं बघत नव्हतास, तू तुझ्या हाताकडं बघत होतास.

मी म्हणाले, "नाही." आणि वर म्हणाले, "मी नाही ओळखत ह्याला." एकदा म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी दोनदा म्हटलं.

पुढं बाकीची पथकं वाजवतच होती. त्या गलक्यात तुला ऐकू गेलं नसणार, असं मी स्वतःला सांगितलं. अण्णांसारखाच तुझाही कान गेलेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कसली बहीण, भावाचा कान गेलेला असावा म्हणून देवाला हात जोडणारी!

दुसऱ्या दिवशी दुपारी तू चौकीतून घरी आलास. हाताला फडकं गुंडाळलेलं. आईला म्हणालास, गर्दीत पडलो. मग माझ्याकडं वळून म्हणालास, "तुमच्या पथकात ढोल कोण ताणतं गं? त्याला म्हणावं, दोरी उलटी ओढतोस." आणि जेवायला बसलास, डाव्या हातानं. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

तुझी दोन बोटं वाकडी राहिली. ढोलाचं टिपरू मुठीत बसेना. बाज्याचा पहिला ढोल वाजवणारा माणूस पुढच्या लग्नसराईत झांज वाजवायला उभा राहिला. तीन वर्षं आपल्या बाज्याला मिरवणुकीत जागा मिळाली नाही. मी पथक सोडलं, अभ्यासाचं कारण सांगून. तू म्हणालास, "बरं केलं. इस्त्रीचा त्रास वाचला."

आता त्या पिक्चरचं.

तेव्हा कॉलेजात आमचे एक सर दर शनिवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावून जुने परदेशी पिक्चर दाखवायचे. थंडीत मी तुला एकदा घेऊन गेले. तुला वाटलं, बहीण किती हौसेनं नेतेय. आज खरं सांगते: पथकातलं कुणी त्या हॉलमध्ये येत नाही, हे मी आधी तीन शनिवार बघून घेतलं होतं. तू लग्नाला वाजवायला जाताना घालायचास तो निळा शर्ट घालून आलास, कागदाच्या पुडीत शेंगा घेऊन. मी दारात सरांना म्हणाले, "हा माझा दादा." केवढ्या मोठ्यानं म्हणाले! जणू तेवढ्यानं ते मिरवणुकीतलं पुसलं जाणार होतं. सर म्हणाले, वा, बसा. तू त्यांना वाकून नमस्कार केलास आणि शेंगांची पुडी पुढं केलीस. सरांनी चार घेतल्या.

पिक्चर काळा-पांढरा, इंग्रजी. समुद्रकाठचं एक गाव आणि तिथल्या तरुण पोरांच्या दोन टोळ्या. एक टोळी झकपक सूट घालून स्कूटरवर फिरणारी, दुसरी तेलकट चामड्याची जॅकेटं घालून मोठ्या मोटारसायकली उडवणारी. एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. सूटवाल्यांच्या स्कूटरला पुढून इतके आरसे लावलेले की तू पहिल्याच सीनला खुसपुसलास, "एवढे आरसे कशाला? मागून कोण येतंय ते बघायला का स्वतःचं थोबाड बघायला?" पुढच्या रांगेतली मुलगी वळून हसली. मी तुझ्या मांडीला चिमटा काढला. तू आणखी हळू आवाजात म्हणालास, "हे तर आपलंच हाय गं. हे इस्त्रीवाले, ते सुपारीवाले."

पडद्याखाली इंग्रजीत ओळी यायच्या, त्या मी वाचून तुझ्या कानात मराठीत सांगायचे. तुझ्या कानाला तेलाचा आणि कंपनीतल्या साबणाचा वास येत होता. अर्ध्या तासात तू इतका रमलास की शेंगा खायचा विसरलास. जॅकेटवाल्यांमध्ये एक गप्प पोरगा होता आणि त्याची बहीण शहरातल्या मोठ्या दुकानात कामाला, सूटवाल्यांबरोबर फिरणारी. मला तेव्हाच उठायला हवं होतं. डोकं दुखतंय म्हणायला हवं होतं.

मारामारी झाली, वाळूवर. पोलिसांनी त्या पोराला धरलं. बहीण समोरच होती, सूटवाल्यांच्या घोळक्यात. पोलिसानं तिला विचारलं. खाली ओळ आली. मी ती वाचली आणि मग माझ्यानं पडद्याकडं बघवलं नाही, मी खाली फरशीकडं बघितलं. तिनं उत्तर दिलं होतं की ह्याला मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

"काय म्हणली?" तू विचारलंस.

मी तुझ्या कानात म्हणाले, "ती म्हणतेय, हा माझा भाऊ आहे, सोडा त्याला."

"शाब्बास," तू म्हणालास. मग थोड्या वेळानं, "तरी नेलंच की त्याला."

"पोलीसच ते."

त्यानंतरचा अर्धा तास मी तुला खोटा पिक्चर सांगत बसले. एक वाक्य बदललं की पुढचं सगळं बदलावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. ती घरी बसून राहते, भावाला भेटायला जात नाही, तर मी सांगितलं की तिला भेटू देत नाहीत. तिची आई तिला थोबाडीत मारते, तर मी सांगितलं की उशिरा आली म्हणून. शेवटी भाऊ सुटतो. ती तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभी असते आणि तो तिच्या अंगावरून निघून जातो, बघतही नाही. पिक्चर तिथंच संपला, हॉलमधले दिवे लागले आणि तू ताडकन माझ्याकडं वळलास.

"हे काय? त्यानं बघितलं का नाय तिच्याकडं?"

"उन्हं डोळ्यावर आली होती त्याच्या," मी म्हणाले.

उन्हं! काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये, त्या ढगाळ गावात.

ह्या उन्हावरून आपण वीस वर्षं भांडलो दादा. तू तो पिक्चर कंपनीत सांगितलास, लग्नात सांगितलास, शालू वहिनीला बघायला गेलास तेव्हा तिथं सांगितलास. आणि दर वेळी शेवटाला येऊन चिडायचास. "बहिणीनं भर गर्दीत ओळख सांगितली आणि हा तिच्याकडं ढुंकून बघत नाय? कसला भाऊ हा? मी असतो तर आधी तिच्यापाशी गेलो असतो." मी त्या पोराची बाजू घ्यायचे. म्हणायचे, त्याचं काही कारण असेल, तुला सगळं कुठं माहीत आहे. तू म्हणायचास, "मग तू सांग कारण. तू इंग्रजी वाचलंय." तुझी पोरगी तनू लहान असताना आपलं भांडण ऐकून टाळ्या वाजवायची. मी विषय बदलायचे, चहा टाकायला उठायचे. मी बी.एड. केलं, सातपूरला शाळेत लागले, लग्न झालं, हप्त्यावर फ्लॅट घेतला. दर भाऊबीजेला तू यायचास, ओवाळताना तुझा उजवा हात तू मांडीखाली ठेवायचास. मी बघायचे. दर भाऊबीजेला ठरवायचे की आज बोलायचं. ताट खाली ठेवेपर्यंत धीर संपायचा.

मग तुझी किडनी गेली. आठवड्यातून दोनदा दवाखाना, मग तीनदा, मग तिथंच मुक्काम. शेवटच्या महिन्यात तू एकदा तनूला म्हणालास, "तुझ्या आत्यानं दाखवलेला पिच्चर शोध ना मोबाईलवर. शेवट परत बघायचाय." तनू बारावीत, तिला शोधायला पाच मिनिटं लागली नसतील. मी भेटायच्या वेळी आले तर तू उशीला टेकून बसला होतास आणि मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. पडद्याखाली ओळी येत होत्या. हिंदीत.

माझे पाय तिथंच थांबले.

"ये ये, वैशे," तू म्हणालास, "आरसेवाले आलेत बघ."

मी स्टुलावर बसले. तुला सांगते, मला त्या वेळी वाटलं की मोबाईलची बॅटरी संपावी, नेट जावं, नर्सनं येऊन हाकलून द्यावं. काही झालं नाही. वाळूवरची मारामारी आली. पोलिसानं विचारलं. ह्या वेळी मी खाली बघितलं नाही, मला बघावंच लागलं, आणि तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं. ती बहीण नुसतं बोलत नाही. ती मान हलवते. डावीकडून उजवीकडं, दोनदा, मोठ्यानं 'नो' म्हणत. दहावी पास माणसाला 'नो' कळत नाही? पडद्यावर एवढी मोठी मान हलली ती हॉलमध्ये तुला दिसली नसेल? मी तेव्हा फरशी बघत होते, तू तर पडदा बघत होतास.

म्हणजे तू त्याच शनिवारी ओळखलं होतंस की मी खोटं सांगतेय. आणि 'शाब्बास' म्हणाला होतास.

तनूला काय कळणार! ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर म्हणायचे ती ओळख सांगते. ही तर नाही म्हणाली."

तू पडद्याकडंच बघत होतास. शेवटपर्यंत बघितलंस, फाटकापर्यंत. मग डोळे मिटून म्हणालास, "ह्याच्यापेक्षा तुझ्या आत्यानं सांगितलेला पिच्चर चांगला होता."

तेव्हा बोलायचं होतं. त्याच वेळी. मी तुझा हात धरला होता, तीच वाकडी बोटं माझ्या हातात होती. तोंड उघडलंही होतं. पण तनू होती. शेजारच्या खाटेवरचा माणूस होता. आणि मला वाटलं, उद्या रविवार आहे, उद्या निवांत येते, तनूला खाली चहाला पाठवते आणि सांगते. मी म्हणाले, "पाणी देऊ?" तू म्हणालास, "दे."

पाणी देऊ! वीस वर्षांनी तू दार उघडून दिलंस आणि मी विचारलं, पाणी देऊ.

रविवारी पहाटे वहिनीचा फोन आला.

तेव्हापासून मी रोज हेच करते. सकाळी उठून दवाखान्यातल्या त्या शनिवारात परत जाते आणि तनूला खाली पाठवते. चहाला, औषधाला, उगीचच. मग तुला सांगते. रोज वेगळ्या शब्दांत सांगते आणि तू रोज काहीतरी वेगळं बोलतोस. कधी हसतोस. कधी तोंड फिरवतोस. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबतो, पोरं म्हणतात, मॅडम, पुढं? मला पुढं काही येत नाही. मी तुझ्यावर चिडतेही. तुला माहीत होतं तर एकदा तरी कान धरून विचारायचं होतंस. थोबाडीत द्यायची होतीस, पिक्चरमधल्या आईसारखी. 'तू सांग कारण' असं दर वर्षी म्हणत राहिलास, ते मला विचारत होतास का? मला एवढं इंग्रजी येतं, तुझं मराठी मला कळलं नाही.

तेराव्याला वस्तीतल्या समाजमंदिरात सगळे जमले. बाजावाले सगळे होते, तुझ्या कंपनीतले चार-पाच जण, वहिनी, तनू. बाबूमामा आता ऐंशीला टेकले, खुर्चीत बसवून आणले होते. कुणीतरी म्हणालं, ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही दोन शब्द बोला. वस्तीत कुणाचंही काही असलं की दोन शब्द मीच बोलते, तुला ठाऊक आहे. मी घरून कागदावर लिहून नेलं होतं. तू कसा कष्टाळू होतास, कसं मला शिकवलंस, सगळं छान लिहिलेलं. उभी राहिले, कागद उघडला आणि वाचवेना. वहिनीला वाटलं, रडू आलंय, म्हणून तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला. ते पाणी बघून मला काय झालं कोण जाणे. मी कागद मिटला आणि मिरवणुकीचं सांगायला लागले. भुरभुर, उतरलेलं पान, दोरी, हवालदार.

मी 'ओळखीचा आहे का' पर्यंत आले आणि बाबूमामांनी काठी आपटली.

"बस खाली, पोरी."

"मामा, मला बोलू द्या."

"काय बोलणार? नाय म्हणलीस ते? ते आम्हाला माहीत हाय."

मी त्यांच्या खुर्चीजवळ गेले.

"माहीत हाय म्हणजे?"

"आम्ही मागंच हुतो की. अर्ध्या बाज्यानं ऐकलं. पोरं लय तापली हुती, तुझ्या कॉलेजच्या दारात येऊन तमाशा करणार हुती. संज्या चौकीतून सुटला तो घरी नाय गेला आधी, माझ्याकडं आला. फडकं गुंडाळलेला हात घेऊन. म्हणला, मामा, वैशीला कुणी काय बोलायचं नाय. तिला कळू पण द्यायचं नाय की आपल्याला माहीत हाय. तिचं शिकणं मोडंल." मामा थांबले, त्यांना धाप लागली होती. "शपथ घातली त्यानं आम्हाला. अण्णाची. आता तू बोलून ती मोडू नको. बस."

दादा, मी त्या वस्तीतून वीस वर्षं ताठ मानेनं चालले. डिग्री मिळाली तेव्हा पेढे वाटत घरोघर फिरले. बाज्यातल्या पोरांनी पेढे घेतले, 'लय भारी, ताई' म्हणाले. त्यांच्या पोरांना मी व्यसन करू नका, खोटं बोलू नका म्हणून भाषणं दिली. सगळ्यांना माहीत होतं. एकट्या मलाच वाटत होतं की कुणाला माहीत नाही. पायाखालची जमीन जाणं काय असतं ते मला त्या समाजमंदिराच्या फरशीवर कळलं. वाटलं, निघून जावं आणि परत ह्या नाक्यावर पाऊल ठेवू नये.

वहिनी माझ्याकडं बघत होती. तिला माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावरून कळलं. तुझी बोटं कंपनीतल्या मशीनमध्ये गेली असं तू तिला सांगितलं होतंस. तनू रडायची थांबली होती आणि तीही बघत होती. तिला आता ती हिंदी ओळ कळली असणार.

मी बसले नाही. मामांना म्हणाले, "शपथ तुम्हाला घातली, मला नाही."

आणि मी बोलले. तू ऐकायला नव्हतास, ह्याचं दुःख माझं मरेपर्यंत जाणार नाही, आणि कुणी मला माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही. पण वस्तीसमोर, वहिनीसमोर, तुझ्या मुलीसमोर मी उभी राहून सांगितलं, की संजय माझा सख्खा भाऊ, त्या दिवशी तो माझा ढोल ताणायला आला होता, आणि मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.